हरणांसाठी पेरलेला अर्धा एकर : मार्च ते डिसेंबरचा अनुभव

अमेरिकेत, मध्य विस्कॉन्सिनमधली आमची जमीन रेताड, भोवती ओक आणि पाइनचं रान. शिकारीच्या हंगामात हरणं तिथे थांबावीत म्हणून यंदा अर्ध्या एकरात चारा पेरला. आमच्या काउंटीत मका टाकून हरणं बोलवायला बंदी आहे, कारण हरणांना खंगवून मारणारा सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) हा रोग; हरणं एका जागी जमली की तो पसरतो. या राज्यात तो २००२ मध्ये पहिल्यांदा सापडला. उभ्या पिकाला मात्र परवानगी आहे.

सगळ्यात आधी माती तपासून घ्या. मार्चमध्ये नमुना दिला तर सामू (पीएच) ५.४ निघाला. इतक्या आंबट मातीत क्लोव्हर (आपल्या बरसीमचाच भाऊबंद) नीट येत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या यंत्राने चुना पसरला, पण चुन्याला मुरायला महिने लागतात. त्यामुळे यंदाचं क्लोव्हर पिवळट आणि विरळच राहिलं.

पैसे वाया गेले ते मोठ्या शिंगांच्या नराचं चित्र असलेल्या मिश्रणाच्या पिशवीत. मागचं लेबल मी पेरणीनंतर वाचलं. वजनाचा मोठा भाग बियांवरच्या लेपाचा होता, आणि उरलेल्यात रायग्रास. हे गवत लवकर हिरवं दिसतं, पण हरणं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. रायग्रास आणि राय यांत गल्लत करू नका. राय हे गव्हासारखं धान्य आहे, आणि माझ्या शेतात तेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं ठरलं. ऑगस्टअखेर एकरी १०० पौंडांच्या हिशेबाने फेकलं, वरून फक्त दाबून घेतलं. आठवड्यात उगवलं.

शेताच्या मधोमध जाळीचा एक पिंजरा नक्की ठेवा. ऑक्टोबरमध्ये पिंजऱ्यातलं राय माझ्या गुडघ्याला लागत होतं, बाहेरचं बोटभर उरलं होतं. वाकून पाहिलं तर पात्यांची टोकं चिंध्यांसारखी फाटलेली. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पातं ओढून तोडतं. अशी टोकं मी यवतमाळकडे बाबांबरोबर जागलीला जायचे तेव्हा हरभऱ्यात पाहिली आहेत. तिथे रात्रभर डबे वाजवून जी हाकलायची, त्यांच्यासाठी इथे मी पेरते आहे, हे त्या दिवशी फार जाणवलं.

सलगमला नोव्हेंबरपर्यंत कुणी शिवलं नाही. कडक दव गोठलं, पाल्यात गोडी आली, मग चार रात्रींत पाला साफ. गड्डे डिसेंबरमध्ये बर्फ उकरून खाल्ले.

माझी खरी चूक मचाणाच्या जागेची. तिथे पोचायला शेत ओलांडावं लागायचं, आणि पहाटे माझी चाहूल लागली की हरणं दिवसभर फिरकत नसत. थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाच्या) आधीच्या शनिवारपासून बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम. पहिले दोन दिवस कोरडे गेले. तिसऱ्या दिवशी वाऱ्याखालच्या बाजूने, ओढ्यातून चालत जाऊन झाडाच्या बुंध्याशी बसले. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास एक मादी रायमध्ये उतरली. परवाना मादीचाच होता. एकाच गोळीत काम झालं, याचं मला फार समाधान आहे. फ्रीजर भरला. मांसात चरबी फार कमी असते, रश्श्याला तेल थोडं जास्त घाला.

मिश्रणाची पिशवी पुन्हा घेणार नाही. मचाण ओढ्याकडे हलवलं आहे. मार्चमध्ये माती रात्री गोठते आणि दिवसा सुटते, तेव्हा राय उभं असतानाच त्यात पांढरं क्लोव्हर फेकणार आहे.