क्यूआर उघडला, पण नाव दुसऱ्याच बाईचं निघालं

आमच्या वाडीतला एक पोरगा पहिल्यांदाच बोटीवर चाललाय, आफ्रिकेच्या बाजूला. परवा त्याची आई पाण्याला भेटली तेव्हा म्हणाली, ते पिवळ्या तापाचं कार्ड लागतं ना, ते एजंट करून देतोय, इंजेक्शन घ्यायला मुंबईला पण जायला नको, नुसता पासपोर्टचा फोटो आणि पैसे पाठवायचे. ऐकूनच पोटात गोळा आला माझ्या. "तुम्हाला यायची गरज नाही, मी आहे ना" हे आम्ही २०२१ ला ऐकलंय आणि चांगलंच भोगलंय. लोक काय म्हणतील म्हणून इतकी वर्षं घराबाहेर कुणाला सांगितलं नाही, आज सगळं लिहिते.

आमचे हे दुबईला एसीच्या कामावर. त्या वर्षी मार्चच्या मध्याला शिमग्यासाठी म्हणून गावी आले (पालखी काय धड नाचलीच नाही, करोनाचे नियमच तसे होते) आणि एप्रिल संपायच्या आत तिकडच्यांनी इंडियाची विमानं बंद केली. दीड महिन्याची सुट्टी ती सहा महिन्यांवर गेली. पगार बंद, त्यात २२ जुलैला चिपळूण बुडालं, माझं माहेर तिथलं, भावाच्या दुकानात छातीएवढं पाणी, म्हणजे हात पसरायला तिकडे पण जागा नाही. ऑगस्टमधे रहिवासी व्हिसावाल्यांना थोडं थोडं सोडायला लागले तेव्हा कंपनीचा फोन आला, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत या नाहीतर दुसरा माणूस घेतो. आणि सहा महिने बाहेर राहिलं की व्हिसा रद्द व्हायची भीती ती वेगळीच.

तेव्हा कागद किती लागायचे ते आता लोक विसरलेत. दुबईच्या व्हिसाला आधी तिकडची ऑनलाईन परवानगी. मग निघायच्या ४८ तासांच्या आतला आरटीपीसीआर, म्हणजे नाकात काडी घालून करायची ती करोनाची टेस्ट, आणि ते ४८ तास रिपोर्ट आल्यापासून नाही तर सॅम्पल घेतल्यापासून मोजायचे, रिपोर्टवर क्यूआर कोड पाहिजेच. मग एअरपोर्टवर विमानाच्या ६ तासांच्या आत परत एक रॅपिड पीसीआर. मग दुबईला उतरल्यावर आणखी एक. आता मुंबईत राहणाऱ्याला हे जमतं हो, आमच्या इकडून मुंबई गाठायलाच हायवेच्या खड्ड्यांतून नऊ-दहा तास, पुरानंतर तर विचारूच नका. सरकारी रिपोर्टला कधी दोन दिवस कधी तीन, म्हणजे रिपोर्ट हातात येईपर्यंत ४८ तास संपलेले!

नेमकं इथेच तो एजंट भेटला. तालुक्याच्या बाजारात छोटं दुकान, विमान तिकीट, रेल्वे तिकीट, झेरॉक्स, सगळंच. ह्यांचं तिकीट त्यानेच काढलेलं. म्हणाला वहिनी टेन्शन घेऊ नका, मुलगा घरी येऊन सॅम्पल घेईल, त्याच दिवशी रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर, क्यूआरसकट. टेस्टचे २५००, आणि कोविनवर, म्हणजे लसीच्या सरकारी वेबसाईटवर, पासपोर्ट नंबर जोडायचे ७००. मी म्हटलं २५०० का, पेपरात तर लॅबमधे ५०० आणि घरी येऊन ८०० असं सरकारने ठरवल्याचं आलंय. तर म्हणतो ते लोकलचं, हे इंटरनॅशनल! आणि कोविनचं काम तर फुकट होतं, स्वतःच्या मोबाईलवर दोन मिनिटांत होणारं, ते मला नंतर माझ्या भाच्याने दाखवलं. पण त्या वेळी घाईच अशी की गुगल पे करून मोकळी झाले.

गौरी-गणपतीचं विसर्जन १४ तारखेला झालं, १५ ला सकाळी नऊला तो मुलगा आला. खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. तोंडाला साधा मास्क, हातात मोजे नाहीत, एक काडी घेतली आणि घशात धड लावली पण नाही, नाकात तर घातलीच नाही, आणि काडी कुठे ठेवली तर खिशातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. पासपोर्ट बघितला नाही, फॉर्म भरला नाही, वहीत नुसतं नाव आणि वय. माझ्या भावाची टेस्ट झाली होती तेव्हा मोबाईलवर ओटीपी आला होता, तो सांगितल्याशिवाय पुढे सरकले नव्हते. इथे काहीच नाही. मी विचारलं तर म्हणे नेटवर्क नाही ना तुमच्याकडे. आता आमच्या वाडीत नेटवर्क नसतं हे खरंच, त्यामुळे पटलं. सासूबाई मात्र म्हणाल्या, हा काय घसा बघतोय की भात शिजला का बघतोय.

दुपारी तीनला पीडीएफ आली. मुंबईतल्या एका लॅबचं नाव, शिक्का, डॉक्टरची सही, ह्यांचं नाव, पासपोर्ट नंबर, निगेटिव्ह. सकाळी नऊला गावात घेतलेलं सॅम्पल दुपारी तीनला मुंबईतल्या लॅबमधे तपासून झालं, हा हिशोब आम्हा दोघांनाही सुचला नाही! मी शहाणपणा करून क्यूआर स्कॅन केला बरं का. भाच्याच्या मोबाईलवरून केला. लॅबची वेबसाईट उघडली, रिपोर्ट उघडला, निगेटिव्ह दिसलं. उघडतंय ना, मग झालं. वर नाव काय लिहिलंय ते तिघांपैकी एकानेही वाचलं नाही.

१६ ला पहाटे निघालो. मी पण गेले सोडायला, विरारचे भावजी सहारला, मुंबईच्या एअरपोर्टवर, येऊन थांबले होते. बॅगेत आमसुलं, कुळथाचं पीठ, गणपतीतले उरलेले लाडू. रात्री दहाचं विमान, हे दुपारी चारला आत गेले. रॅपिड टेस्टचे साडेचार हजार भरले, ती निगेटिव्ह आली, तसा फोन केला की झालं, आता बोर्डिंग पास घेतो. आम्ही बाहेर वडापाव खात होतो.

पाऊण तासाने परत फोन, आवाजच वेगळा. काउंटरवरच्या मुलीने क्यूआर स्कॅन केला आणि स्क्रीन ह्यांच्याकडे फिरवून विचारलं, सर ये आप हो? वर एका बाईचं नाव, वय ५२. कुणाचा तरी खराखुरा रिपोर्ट घेऊन त्याचा क्यूआर तसाच ठेवलेला आणि बाकी सगळं एडिट करून ह्यांचं घातलेलं. म्हणून तर आमच्याकडे उघडला! नुसता कसलातरी क्यूआर चिकटवला असता तर कदाचित उघडला नसता आणि आम्ही घरीच सावध झालो असतो.

पुढचा अर्धा तास हे सांगतात तेव्हा अजून त्यांचा गळा दाटतो. सुपरवायझर आला, म्हणाला खोटा रिपोर्ट दाखवणं गुन्हा आहे, पोलिसांना बोलवू का. हे हात जोडून सांगतायत की साहेब मी पैसे भरलेत, मला माहीत नाही, एजंटचे मेसेज दाखवतायत. मागच्या रांगेतली माणसं आपली बॅग जवळ ओढून बघतायत, जशी काय ह्यांनी चोरीच केली. शेवटी ऑफलोड केलं, म्हणजे विमानात चढू दिलं नाही, आणि सोडून दिलं, तो सुपरवायझर भला म्हणायचा. दिवसभर फिरून भिजलेले कपडे असावेत तसा चेहरा घेऊन बाहेर आले. मी काही बोलले नाही, लाडवाचा डबा उघडला आणि दिला.

एजंटला फोन लावला तर आधी म्हणाला लॅबची चूक, मग म्हणाला सकाळी बघतो, मग बंद. दुसऱ्या दिवशी भावजींनी त्या लॅबचा नंबर रिपोर्टवरून न घेता नेटवरून शोधून फोन केला (हे डोकं त्यांचं, कारण रिपोर्टवर छापलेला नंबर एजंटच्याच माणसाचा निघाला). लॅबवाले म्हणाले या नावाचं सॅम्पल आमच्याकडे आलेलंच नाही. मग अंधेरीला खरी टेस्ट केली. तिथे पासपोर्ट बघितला, दोन्ही नाकपुड्यांत काडी घातली, ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला बरं वाटलं. चार दिवसांनी दुसऱ्या तिकिटावर गेले, परत साडेचार हजार रॅपिडचे, तिकिटाचा फरक एकोणीस हजार, तो माझ्या पाटल्या ठेवून भरला. नोकरी राहिली एवढंच. बरं, पैशांपेक्षा मला दुसरीच गोष्ट खाते, ह्यांना खरंच करोना असता तर? घरात ऐंशीच्या सासूबाई, विमानात दोनेकशे माणसं, आणि कागदावर निगेटिव्ह.

तक्रार केली. तेव्हा सायबरचा नंबर १५५२६० होता, आता १९३० आहे, पैसे गेल्या गेल्या लावला तर उपयोग होतो म्हणतात, आम्ही लावला आठव्या दिवशी. पोलीस स्टेशनला पण पहिला प्रश्न हाच, रिपोर्ट वापरला कुणी? म्हणजे आपणच आरोपीसारखे बसायचं. एजंटने लोकांसमोर १५०० परत दिले आणि वर उपकार केल्यासारखा चहा पाजला. दुकान अजून चालू आहे, बोर्ड तेवढा नवीन.

तर त्या पोराच्या आईला मी हे सगळं सांगितलं. पिवळ्या तापाचं इंजेक्शन सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रावरच मिळतं, स्वतः जावं लागतं, आणि टोचल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं, पण मग जन्मभर चालतं, म्हणजे एकदाच त्रास आहे. ती म्हणाली, अगं पण त्याची बोट तर येत्या सोमवारी आहे. मी म्हटलं मग दहा दिवस बसतील कुठे? तर म्हणते, एजंट म्हणालाय तारीख मागची टाकू.