रायझन ५ ५६००जी : सोलापूरचा एक उन्हाळा काढल्यावर

घरच्या कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर घ्यायचा म्हटलं की पहिला गोंधळ नावांचा. एएमडीच्या रायझन ५ मध्ये ५५००, ५६००, ५६००जी, ५६००जीटी, आणि पलीकडे इंटेलचा आय३-१२१०० नि त्याचाच एफवाला भाऊ. किमतीत फरक हजार-दोन हजारांचा. यूट्यूबवर प्रत्येकाचे आलेख बघायला मिळतात, पण ते बहुतेक महागडं ग्राफिक्स कार्ड लावून, गार खोलीत काढलेले असतात. माझ्याकडे कार्ड नाही, एसी नाही, आणि घर पूर्व भागात, खालच्या मजल्यावर यंत्रमाग. मी ५६००जी घेतला. २०२५ च्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, बसवला, उन्हाळा-पावसाळा काढला, दिवाळीच्या हिशेबाची घाईही त्याच्यावरच निभावली.

आधीचा संच म्हणजे रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड आणि आठ जीबी रॅमची एकच पट्टी. माझं काम टॉवेल-चादरवाल्यांचे हिशेब आणि जीएसटी रिटर्न भरायचं, त्याला तो पुरत होता. पण मुलगी डिप्लोमाला गेली, ऑटोकॅड आलं, आणि विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केलेलं. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत २२००जी नाही. लोकांचे पॅन आणि बँकेचे कागद ज्या मशीनवर असतात तिथे सुरक्षेचे अपडेट बंद होणं मला परवडणारं नव्हतं.

नवी पेठेत चौकशीला गेलो तर दुकानातल्या पोराने आधी ५५०० पुढे केला. “काका, हा घ्या की. सहा कोअर, बारा थ्रेड, पैसेपण कमी.” खोटं काही नव्हतं त्यात. सहा कोअर म्हणजे काम करणारे सहा भाग, बारा थ्रेड म्हणजे एकाच वेळी कामाच्या बारा रांगा, हे खरेच. पण ५५०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कार्ड नसलेल्या मशीनमध्ये तो लावला तर पंखा फिरेल, लाईट लागेल, स्क्रीन काळीच राहील. ५६०० चंही तसंच, आणि १२१००एफचंही. एएमडीच्या या रांगेत शेवटी जी असेल तर चित्र दाखवायची सोय आत आहे, आणि इंटेलकडे शेवटी एफ असेल तर ती काढून टाकलेली आहे. एवढं विचारल्यावर पोरगंच म्हणालं, “मग काका तुम्हाला जीच पाहिजे.”

कार्ड घ्यायचंच असेल तर मात्र ५६०० हा ५६००जी पेक्षा सरस आहे, हे स्पष्ट सांगतो. त्याची एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ३२ एमबी, ५६००जी आणि ५५०० ची निम्मी, १६ एमबी. शिवाय पीसीआयई, म्हणजे कार्डाशी बोलायचा मार्ग, ५६०० ला ४.० पिढीचा मिळतो, या दोघांना ३.०. कार्ड लावून गेम खेळताना हा कॅशचा फरक जाणवतो. टॅली आणि ऑटोकॅडच्या टूडी ड्रॉइंगमध्ये कोणी ओळखून दाखवावा. म्हणजे ५६०० चे आलेख बघून ५६००जी घेणारा फसतो, आणि ५५०० ची किंमत बघून घेणाऱ्याला नंतर कार्डासाठी पुन्हा खिशात हात घालावा लागतो. ५६००जीटी २०२४ मध्ये आला. त्याचं कमाल क्लॉक ४.६ गिगाहर्ट्झ, जीचं ४.४, बाकी ग्राफिक्स, कॅश सगळं तेच. दोन्हींतला जो स्वस्त मिळेल तो उचलावा.

खरा सामना होता आय३-१२१०० शी. चार कोअर, आठ थ्रेड, पण त्याचा एकेक कोअर ५६००जी पेक्षा चपळ आहे. फाईल उघडणं, ब्राउझर, एक्सेल अशा एकाच कोअरवर चालणाऱ्या कामात तो थोडा पुढेच असतो. सगळे कोअर एकदम जुंपले की ५६००जी पुढे निघतो. आतलं ग्राफिक्स, इंटेलचं यूएचडी ७३० आणि एएमडीचं व्हेगा ७, यांत गेमसाठी व्हेगा बराच वरचढ. पण आय३ घ्यायचा म्हणजे नवा एलजीए १७०० बोर्डही घ्यायचा, आणि माझा बी४५० धडधाकट असताना तो पेटीत टाकून द्यायचा. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत एएम४ हेच सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, ठेवलं, त्याचा फायदा आपल्यासारख्यांनी नाही घ्यायचा तर कोणी घ्यायचा? बोर्डाचे पैसे वाचले त्यात ३२०० वेगाच्या आठ-आठ जीबीच्या दोन रॅमपट्ट्या घेतल्या. पुढे वर्षाच्या अखेरीला रॅमचे भाव असे भडकले की तेव्हा घेतल्या ते बरंच झालं.

दोन पट्ट्यांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे बरेच जण सोळाची एकच पट्टी बसवून घेतात. आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच खातं. एका पट्टीवर ३२०० च्या वेगाला सेकंदाला २५.६ जीबी इतकीच वाट मिळते, दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या की ती दुप्पट होते. मुद्दाम एक पट्टी काढून भाच्याला व्हॅलोरंट खेळायला बसवलं. “मामा, काय केलाव हो? अडकतंय!” असं पाचव्या मिनिटाला ओरडला. पट्टी परत लावली की १०८० ला, लो सेटिंगवर, शंभरच्या वर फ्रेम. आणि नवीन रॅम टाकली की बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये, जाऊन एक्सएमपी, म्हणजे रॅमचा छापील वेग, चालू करायचं, नाहीतर ३२०० ची पट्टी बहुधा २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.

बसवायचं काम घरीच केलं. जुना प्रोसेसर काढायच्या आधी बायोस अपडेट करून घ्यावं लागतं, कारण जुन्या बायोसला ५६००जी ओळखताच येत नाही. बोर्ड बनवणाऱ्याच्या साईटवर प्रोसेसरची यादी असते, कुठल्या आवृत्तीपासून चालेल ते त्यात लिहिलेलं असतं. काही बोर्डांना मधली एक आवृत्ती आधी टाकावी लागते, तेही तिथेच दिसतं. अपडेट चालू असताना लाईट गेली तर बोर्डच मरू शकतो, म्हणून यूपीएस लावूनच बसलो. आमच्याकडे लाईटीचा भरवसा किती ते सोलापूरकराला सांगायला नको.

मग पंखा काढणं. एएम४ च्या प्रोसेसरला पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात, आणि उष्णता वाहून नेणारी वर्षानुवर्षांची पेस्ट वाळून घट्ट झालेली असते. सरळ वर ओढलं तर सॉकेटची दांडी बंद असतानाही प्रोसेसर पंख्याखालच्या धातूच्या हीटसिंकला चिकटून उपसून येतो, आणि पिना वाकतात. म्हणून मशीन अर्धा तास चालवून गरम केलं, बंद करून वायर काढली, चारही स्क्रू तिरपे-तिरपे, थोडे-थोडे सैल केले आणि हीटसिंक उचलायच्या आधी डावीकडे-उजवीकडे हलका पिळला. एका क्षणी पेस्टने पकड सोडल्याचं बोटांना कळलं, मग अलगद वर. ५६००जी सोबत पेटीत रेथ स्टेल्थ नावाचा पंखा येतो, पेस्ट आधीच लावलेली. बंद पेटीतलाच घ्या. एएमडीची तीन वर्षांची वॉरंटी पेटीबंद मालावर असते, ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा स्वस्त पडतो पण त्याला ती लागू नाही.

आता उन्हाळा. बाहेर पारा ४२-४३ वर, पत्र्याखालची आमची खोली त्याहून चढी. हिवाळ्यात नुसता चालू असताना ४० च्या आसपास दिसणारा प्रोसेसर मे महिन्यात पंचावन्नला गेला, आणि मुलीने थ्रीडी रेंडरला लावला की ८५ च्या वर. याची मर्यादा ९५ अंश, त्यामुळे बंद कधी पडला नाही. पण तो छोटा पंखा असा घोंघावतो की शेजारच्या खोलीत फोनवर बोलणारा माणूस दार लावून घेतो. उपाय बायोसमध्ये सापडला : सीटीडीपी, म्हणजे प्रोसेसरची वीज-उष्णतेची मर्यादा, ६५ वॉटवरून ४५ वर आणला. तापमान दहाएक अंशांनी उतरलं, आवाज निवळला, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. टॅलीत तर काहीच फरक नाही. मार्च ते जून ४५, बाकीचे महिने ६५, असं चाललंय. कॅबिनेट एअर कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, ती ओलसर हवा आत धुळीचा चिखल करते.

उन्हापेक्षा वाईट मला सुताचे तंतू वाटले. खाली टॉवेलचे माग, दिवसभर हवेत बारीक कापूस. महिन्या-दोन महिन्यांत हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा वरून नुसताच फिरतो, हवा आत जातच नाही. तापमान अचानक वाढलं की माझा पहिला संशय त्यावरच. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, हवेने त्याला भन्नाट फिरू द्यायचं नाही. हे दुखणं कुठल्याही प्रोसेसरचं, आय३ घेतला असता तरी तेच.

खटकलेल्या गोष्टी आहेतच. व्हेगा ग्राफिक्स जुन्या पिढीचं, एव्ही१ या नव्या प्रकारात दाबलेला व्हिडिओ उलगडायची सोय त्यात नाही. यूट्यूबवर फोरके लावलं आणि ते एव्ही१ मध्ये आलं की सगळा भार कोअरवर पडतो आणि पंखा जागा होतो. आय३-१२१०० चं यूएचडी ७३० हेच काम हार्डवेअरमध्ये करतं. टीव्हीला जोडून फोरके सिनेमे बघायचे असतील तर मी इंटेलच घ्या म्हणेन. अगदी नवा संच शून्यापासून बांधणाऱ्यालाही एएम४ मध्ये अडकू नका असंच सांगेन. ज्यांच्याकडे आधीच बी४५० किंवा तसला बोर्ड पडलाय, त्यांच्यासाठी हा सौदा.

विजेचं बरं आहे. ६५ वॉटचा म्हणून लिहिलेला हा प्रोसेसर भार आल्यावर ८८ वॉटपर्यंत घेतो, कार्ड नसल्याने ६०० व्हीएचा साधा यूपीएस आरामात झेपवतो. लाईट गेली की एन्ट्री सेव्ह करून, टॅली बंद करून, मशीन नीट शटडाऊन करायला वेळ मिळतो.

मुलीला पुढे ग्राफिक्स कार्ड हवंय. तिला एवढंच सांगून ठेवलंय की आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी बघू नकोस. ती कार्डं पीसीआयईच्या चारच लेनवर, म्हणजे चारच पदरी वाटेवर, चालतात, आणि ५६००जी च्या पीसीआयई ३.० वर त्यांचा वेग आणखी कमी होतो. आठ किंवा सोळा लेनचं कार्ड घ्यायचं. जुना २२००जी दुसऱ्या एका जुन्या बोर्डावर बसवून भाच्याला दिला, विंडोज ११ अधिकृतपणे घेत नाही म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. त्यावर तो अभ्यास करतो असं बहीण म्हणते, व्हॅलोरंट खेळायला मात्र आमच्याकडेच येतो.