पायाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास: ओपीडी की व्हिडिओ कॉल?

२५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. लॉकडाऊनमध्ये व्हेरिकोज व्हेन्सच्या (पायाच्या फुगलेल्या शिरांच्या) रुग्णांना व्हिडिओ कॉल सोयीचा वाटणं साहजिक होतं: प्रवास नाही, संसर्गाची धास्ती नाही. स्टॉकिंग्ज (पायाला दाब देणारे घट्ट मोजे) नीट बसतात का, सूज संध्याकाळी वाढते का, हे कॉलवर विचारता येतं. इथे कॉलच बरा.

धमनीच्या आजारात मात्र 'डॉक्टरांनी पायाला हातसुद्धा लावला नाही' ही रुग्णाची तक्रार रास्त आहे. पावलावरची नाडी कॅमेऱ्याला कळत नाही. ओपीडीत डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणारं यंत्र) लावून घोट्याचा रक्तदाब मोजतात आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागतात, उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर धमनी अरुंद झाल्याचा संशय. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हाच आकडा फसवा, जास्त येतो. मग पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब घ्यावा लागतो. यातलं काहीच फोनवर होत नाही.

मधुमेही जखमेचा पाठपुरावा कॉलवर जमतो, फोटो नीट असेल तर. दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, तळवा आणि बोटांच्या बेचक्याही दाखवा. पिवळ्या बल्बखाली लाली लपते. वास आणि खोली तर फोटोत येतच नाही.

पाय अचानक थंड, पांढरा, बधिर पडला तर कॉलची वाट पाहू नका, थेट इमर्जन्सी गाठा. गुठळीने धमनी अचानक बंद झालेली असू शकते. साधारण ६ तासांनंतर पाय वाचवणं अवघड होत जातं, आणि कोविडमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल, तर शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉप्लर तपासणी करा.