आरव्हीने अमेरिका फिरताना ऑनलाइन ऑर्डर: पार्सल घ्यायचं कुठे?

पुण्याहून निघण्याआधी ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "तिकडे सगळं ऑनलाइन मिळतं, कशाला सामान वाढवता?" मिळतं, हे खरंच आहे. पण ऑर्डर करताना वेबसाइट पत्ता मागते, आणि आरव्हीतल्या, म्हणजे चाकांवरच्या घरातल्या, माणसाचा मुक्काम आज झायन राष्ट्रीय उद्यानात, परवा अ‍ॅरिझोनातल्या पेज गावात, शुक्रवारी युटातल्या मोआबला असतो. आम्ही पाच आठवड्यांत लास व्हेगसहून यलोस्टोनपर्यंत गेलो. सोबत सासू-सासरे होते. वाटेत चार गोष्टी मागवाव्या लागल्या: सासऱ्यांच्या गुडघ्याचा पट्टा, सासूबाईंच्या मापाचे बूट, कॅमेऱ्याची बॅटरी आणि गाडीची ५० अँपियरची वायर ३० च्या सॉकेटला जोडायचा अडॅप्टर. चारही वस्तू वेगवेगळ्या ठिकाणी मागवल्या, म्हणून तुलना करायचं धाडस करते आहे.

घरी असताना आपण बघतो, पार्सल किती लवकर येईल. आरव्हीत असताना आधी बघायचं, पोचल्यावर ते किती दिवस थांबेल. कारण प्रवास सरकतो. एखादा कॅम्पग्राउंड, म्हणजे गाडी लावून राहायची जागा, आवडतो आणि एक रात्र वाढते, किंवा म्हातारी माणसं दमतात. मग पार्सल एका गावात आणि आपण दीडशे मैलांवर, अशी वेळ येते. तीस फुटी गाडी मागे वळवून एका पट्ट्यासाठी तेवढं अंतर कापणं परवडत नाही.

या कसोटीवर अ‍ॅमेझॉन लॉकर, म्हणजे दुकानातलं कोडने उघडणारं पार्सलचं कपाट, सर्वांत सोयीचाही आहे आणि सर्वांत कडकही. पत्त्याच्या जागी झिप कोड (तिकडचा पिनकोड) टाकून जवळचा लॉकर निवडायचा, पार्सल आलं की कोड येतो, कोणी ओळखपत्र मागत नाही. पण पार्सल लॉकरमध्ये पडल्यापासून फक्त ३ दिवस. चौथ्या दिवशी ते परत जातं आणि पैसे खात्यात येतात. बऱ्याच नव्या लॉकरना पडदाच नसतो, फोनमधलं अ‍ॅप ब्लूटूथने दार उघडतं. म्हणजे फोन चार्ज हवा, अ‍ॅपमध्ये लॉग-इन केलेलं हवं. मोठ्या वस्तूंना आणि जे विक्रेते माल स्वतःच पाठवतात त्यांच्या वस्तूंना लॉकरचा पर्याय दिसत नाही. लॉकर असतात ते होल फूड्स, सेव्हन-इलेव्हन अशा दुकानांत, म्हणजे मुख्यतः शहरांत. लास व्हेगस किंवा सॉल्ट लेक सिटीत दोन-तीन रात्री नक्की राहणार असाल, तर लॉकरसारखं दुसरं काही नाही. उद्यानांच्या पट्ट्यात मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

दुसऱ्या टोकाला आहे अमेरिकन टपाल खात्याची जनरल डिलिव्हरी, आणि माझा जीव जडला तो हिच्यावर. ज्याचा गावात पत्ता नाही त्याचं टपाल पोस्टात राखून ठेवायचं, अशी ही जुनी व्यवस्था. वेगळे पैसे नाहीत. सर्वसाधारणपणे ३० दिवसांपर्यंत ठेवतात, पाठवणाऱ्याने कमी मुदत लिहिली असेल तर तेवढीच. पहिल्या ओळीत आपलं नाव, दुसरीत 'जनरल डिलिव्हरी', तिसरीत गाव, राज्य आणि झिप कोड, त्याला जोडून ९९९९. मोआबसाठी ८४५३२-९९९९, पेजसाठी ८६०४०-९९९९. बूट मोआबला असे मागवले. आम्ही ठरल्यापेक्षा सहा दिवस उशिरा पोचलो, तरी खिडकीतल्या बाईंनी पासपोर्ट बघितला आणि खोका आणून दिला. सासूबाईंनी बूट तिथेच पोस्टाच्या बाकावर बसून घातले.

यात एक मोठी मेख आहे. हा पत्ता फक्त टपाल खात्याचा. यूपीएस किंवा फेडेक्स या खासगी कुरियरचा माणूस तिथे पार्सल टाकत नाही, आणि मोठ्या वेबसाइटवर पार्सल कोणाकडून जाणार हे आपल्या हातात नसतं. म्हणून जनरल डिलिव्हरीला मागवायचं ते अशाच दुकानाकडून, जे चेकआउटच्या वेळी टपाल खातं निवडू देतं किंवा विचारल्यावर तसं लेखी कळवतं. मोठ्या शहरात पोस्टाच्या अनेक शाखा असतात आणि ही सोय त्यातल्या ठरावीक शाखेतच असते, आधी फोन करावा. लहान गावात तो प्रश्नच येत नाही. यलोस्टोनमध्ये तर उद्यानाच्या आतच, मॅमथ हॉट स्प्रिंग्जला, वर्षभर चालणारं पोस्ट आहे, दारात दोन दगडी अस्वलं बसलेली. ग्रँड कॅनियनच्या दक्षिण कड्यावर मार्केट प्लाझात आहे. रविवार सुटी, शनिवारी थोडाच वेळ.

आणि घड्याळ सांभाळा. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ अ‍ॅरिझोनाच्या एक तास पुढे असतं. पेज अ‍ॅरिझोनात, पण युटाच्या सीमेला लागून, त्यामुळे फोन कधी ही वेळ दाखवतो, कधी ती. पेजहून मोआबला जाताना एक तास गमावतो आपण, आणि पोस्टाची खिडकी तुमच्या हिशेबापेक्षा एक तास आधी बंद होते.

नावाचंही सांगते, कारण हे खास आपल्या लोकांचं दुखणं आहे. पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. ऑर्डर करताना आपण सवयीने नुसतं नाव-आडनाव टाकतो, लग्नाआधीच्या आडनावाचं जुनं खातं असेल तर आणखी गोंधळ. लॉकरला फरक पडत नाही. पोस्टात आणि कुरियरच्या काउंटरवर पडतो. पार्सलवर पासपोर्टमधलंच नाव जाऊ द्या, आणि ज्याच्या नावाने आहे त्यालाच खिडकीवर न्या.

कॅम्पग्राउंडचं ऑफिस हा पर्याय सगळ्यांना आधी सुचतो, आम्हालाही सुचला. खासगी कॅम्पग्राउंड, केओए या साखळीतल्यासारखे, बऱ्याचदा पार्सल घेतात. मात्र प्रत्येक जागेचा नियम वेगळा. राष्ट्रीय उद्यानांतल्या कॅम्पग्राउंडवर ही अपेक्षा ठेवूच नये. एका खासगी कॅम्पग्राउंडवर फोनवर "पाठवा" म्हणाले, म्हणून गुडघ्याचा पट्टा तिथे मागवला. पार्सल आमच्या आधी एक दिवस पोचलं, आमच्या नावाचं बुकिंग त्या दिवशी सुरू झालेलं नव्हतं, आणि ड्युटीवरच्या मुलाने ते परत पाठवलं. सासरे पुढचे चार दिवस दुखरा गुडघा घेऊन चालले. मला त्याचं अजून वाईट वाटतं. तेव्हा इथे मागवायचं असेल तर तीन रात्री किंवा जास्त मुक्काम हवा, पार्सल येण्याची तारीख मुक्कामाच्या मधली हवी, पत्त्यात बुकिंगचं नाव आणि साइट नंबर हवा. एका रात्रीच्या मुक्कामावर कधीच नाही.

यूपीएसचे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे पार्सल ठेवून घेणारी दुकानं, आणि फेडेक्सचे वॉलग्रीन्ससारख्या औषधांच्या दुकानांतले काउंटर मधले पडतात. पार्सल साधारण आठवडाभर थांबतं, ओळखपत्र लागतं, लहान शहरांतही सापडतात. बॅटरी अशी घेतली, काही त्रास झाला नाही.

अडॅप्टर मात्र मी कुठेच 'पाठवायला' सांगितला नाही. वॉलमार्टच्या वेबसाइटवर पुढच्या गावातलं दुकान निवडलं, वस्तू तिथल्या फळीवर आहे हे बघितलं, पैसे भरले आणि दुकानातून उचलली. आरव्हीला लागणारं बहुतेक सगळं, पाण्याचा होज, प्रेशर रेग्युलेटर, सांडपाण्याची नळी, चाकाखालचे ठोकळे, याच रीतीने घ्यावं. शिवाय गाडी उभी करायला भरपूर जागा. मोआबच्या पोस्टासमोर तीस फुटी गाडी लावायला आम्ही तीन चकरा मारल्या होत्या.

पूर्णवेळ आरव्हीत राहणारे अमेरिकन लोक टेक्सासमधल्या लिव्हिंगस्टनच्या एस्केपीजसारख्या टपाल सेवेचा कायमचा पत्ता घेतात आणि तिथून सगळं पुढे मागवतात. पाच-सहा आठवड्यांच्या पाहुण्याला त्याची गरज नाही.

भारतातून काही मागवायचा विचार असेल तर सोडून द्या. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबली आहे. आणि डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं टपालाने मागवण्याच्या भानगडीत पडूच नका. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या पूर्ण प्रवासाच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीसह. तूरडाळ, कणीक, पोहे लास व्हेगसमध्येच भरून घ्या.

निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. अमेरिकन सिम घ्या, नाहीतर कुरियरचा फोन येणार कुठे? मोठी खरेदी असेल आणि वाट ओरेगन किंवा मॉन्टानातून जाणार असेल तर ती तिथे उचला. ऑनलाइन खरेदीवरचा विक्रीकर पार्सल जिथे पोचतं तिथला लागतो, आणि या दोन राज्यांत राज्याचा विक्रीकर नाही.

आमचा हा मार्ग पुन्हा करायचा झाला तर मी पहिल्या दोन रात्रींसाठी लास व्हेगसचा लॉकर धरेन, मधल्या काळासाठी मोआबचं पोस्ट, आणि गाडीच्या वस्तूंना वॉलमार्ट. शेवटच्या आठवड्यात काहीच मागवणार नाही. माप चुकलं तर परत करायला तोवर दिवस उरलेले नसतात.