ब्लड कॅन्सरसाठी कोल्हापुरातली हिमॅटॉलॉजी ओपीडी: वेटिंग भयानक, डॉक्टर भारी

आधी वाईट ते सांगतो. अपॉइंटमेंट अकराची असली तरी आत जायला दीड-दोन वाजतात, फोन लागत नाही, काउंटरवरची ताई नातेवाइकांवर खेकसते, पार्किंगचं तर विचारूच नका. ह्या सगळ्याला एक स्टार, आणि तक्रारी लिहितोय म्हणून हॉस्पिटलचं नाव टाकत नाही. तरीपण ओळखीतल्या कुणाला रक्ताचा आजार निघाला तर मी तिथंच पाठवणार.

मेहुण्याच्या हिरड्यातनं रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग, पावसाळ्याचे दिवस आणि प्लेटलेट खाली, त्यामुळं गावाकडं सगळ्यांनी डेंग्यूच धरला आणि घरात पपईच्या पानांचा रस सुरू. इथं डॉक्टरांनी रक्ताची स्लाइड स्वतः मायक्रोस्कोपखाली बघितली आणि म्हणाले एपीएमएल वाटतंय. अक्यूट ल्युकेमियातलाच, म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या ब्लड कॅन्सरचाच प्रकार, पण ह्यात सुरुवातीला ब्लीडिंगच माणूस घेऊन जातं. पंधरा आणि सतरा नंबरच्या क्रोमोसोमची अदलाबदल झालीय का हे सांगणारा पक्का रिपोर्ट यायला वेळ होता. ते थांबले नाहीत, नुसत्या संशयावर त्याच संध्याकाळी एटीआरए नावाच्या औषधाच्या कॅप्सूल चालू केल्या. आमच्यातले निम्मे लोक अँब्युलन्स करून रातोरात मुंबईला हलवा म्हणत होते, डॉक्टर म्हणाले ह्या प्लेटलेटवर एवढा प्रवास नको. तालमीतली पोरं एसडीपी (एकाच माणसाकडनं मशीननं काढलेल्या प्लेटलेट) द्यायला ब्लड बँकेत लाइनीत उभी राहिली, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

डॉक्टरांना रिसर्च पेपर वाचायचा नाद आहे आणि विचारलं की सांगतात, फक्त राउंडला विचारा, ओपीडीत नको. एटीआरए म्हणजे व्हिटॅमिन ए च्या घरातलं औषध. शांघायच्या वांग झेनयी ह्यांच्या टीमनं 1988 ला छापलं की 24 पेशंटपैकी 23 जणांना ह्या एकट्या औषधावर रेमिशन आली, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा झाला. बिघडलेली पेशी मारायची नाही, तिची अर्धवट अडकलेली वाढ पूर्ण करायची, मग ती आपोआप संपते. दुसरं औषध आर्सेनिक. म्हणजे सोमल, विषच! सासूबाईंनी ऐकून डोक्याला हात लावला. पण चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी ते आधीच वापरलेलं, आणि आपल्या वेलोरच्या सीएमसी हॉस्पिटलात विक्रम मॅथ्यूज वगैरे मंडळींनी 1998 ते 2004 मध्ये 72 नव्या पेशंटना नुसत्या आर्सेनिकवर ठेवलं, साधारण 86 टक्के रेमिशनमध्ये गेले. महागडी ट्रीटमेंट न परवडणाऱ्या देशात हे किती मोठं काम आहे बघा. मग 2013 ला इटलीच्या फ्रान्चेस्को लो-कोको ह्यांचा पेपर आला, पांढऱ्या पेशी दहा हजारांच्या आत असलेल्या पेशंटमध्ये एटीआरए अधिक आर्सेनिक विरुद्ध एटीआरए अधिक केमो. दोन वर्षांनी आजार न उलटता ठणठणीत असलेले 97 टक्के विरुद्ध 86. आमचा पेशंट ह्याच गटातला, म्हणून नेहमीची कडक केमो टळली आणि केस पण जागेवर राहिले.

माझं मत असं की पेपर वाचलेले डॉक्टर पुष्कळ असतील, पण रिपोर्ट हातात नसताना त्या पेपरांवर विसंबून औषध चालू करायला डेरिंग लागते. पाच स्टार त्याचे.

वॉर्डमधल्या सिस्टरना पण पाच. रोज सकाळी वजन करायच्या, आम्हाला वाटायचं कशाला एवढं. एका रात्री वजन वाढलेलं, ताप, दम लागायला लागला. त्याला डिफरन्शिएशन सिंड्रोम म्हणतात, हे औषध काम करताना होऊ शकतं आणि जिवावर बेतू शकतं. सिस्टरनी लगेच फोन केला, डेक्साची (स्टेरॉइडची) इंजेक्शन लागली, निभावलं. आता डेकेअरला आर्सेनिकची सलाईन घेतो, ईसीजी आणि पोटॅशियम बघितल्याशिवाय लावत नाहीत. ओठ फुटतात, डोकं दुखतं, बाकी बरा आहे. तांबडा-पांढरा कधी खाऊ हा प्रश्न मात्र प्रत्येक राउंडला ठरलेला.

बिलाबद्दल: महात्मा फुले योजनेत काय बसतं ते ॲडमिट होतानाच विचारा, कागदं मागनं देतो म्हटलं की अडकता. जेवण घरनंच न्या, कॅन्टीनचा चहा म्हणजे गरम पाणी. आणि सोमवारी जाऊ नका, रविवारची तुंबलेली गर्दी तिथंच असते.