कंटेनरचं घर की पॅनलचं? दोन्हीत राहून झालंय म्हणून सांगतो

प्रीफॅबच, म्हणजे कारखान्यात बनवून जागेवर आणून बसवायचं घर, घ्यायचं इथपर्यंत ठरलेलं असतं, गाडी अडते ती पुढे, जुना मालवाहतुकीचा कंटेनर आणून त्याचं घर करायचं की सँडविच पॅनलचं, म्हणजे तयार भिंतींचे तुकडे एकमेकांत बसवून, उभं करायचं. मी आठ महिने कंटेनरमध्ये काढलेत आणि आता पॅनलच्या घरात राहतोय, म्हणजे कल कुठे आहे ते कळलंच असेल, तरी कंटेनरला उगाच नावं ठेवणार नाही.

कारण उभा करायला तो खरंच सोपा. चार कोपऱ्यांखाली चार पेडेस्टल, म्हणजे काँक्रीटचे बुटके खांब, क्रेनने उचलून ठेवला, झालं. पॅनलवाल्याला जोतं एकदम लेव्हलला लागतं. आमचं एका कोपऱ्यात बोटभर उतरलेलं, तर शेवटची दोन पॅनल खाचेत बसेचनात, अर्धा दिवस पॅकिंग देण्यात गेला.

पण रुंदी! बाहेरून 8 फूट, आतून साधारण 7 फूट 8 इंच. ही मापं ट्रक आणि जहाजाच्या सोयीची, माणसाचा त्यात कुणी विचार केलेला नाही. त्यात इन्सुलेशन तर करावंच लागतं, नाहीतर उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत पत्र्याला आतून घाम, मग फ्रेम, फोम, बोर्ड असं दोन्ही बाजूंनी करता करता हातात राहिले 7 फूट 2 इंच. 5 फुटी पलंग भिंतीला लावला की उरतात दोन फूट आणि वर थोडं. कपाटाचं दार उघडलं की बाकीच्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि रात्री भिंतीकडच्या माणसाला उठायचं असेल तर दुसऱ्याच्या अंगावरून. आठ महिने हेच. बाकी सगळं चालवून घेतलं, हे नाही जमलं.

दोन कंटेनर जोडून मधली भिंत काढू म्हणाल तर निघते, पण तो नागमोडी पत्रा म्हणजे नुसता पडदा नाही, सगळ्या सांगाड्याला ताठ तोच ठेवतो. मोठा भाग कापला की वरची कड झोल खायला लागते, मग बीम वेल्ड करा, जोडावरून पाणी येऊ नये म्हणून आणखी उपद्व्याप, आणि स्वस्तात पडलं हा आनंद तिथेच संपतो.

पॅनलमध्ये खोली हवी तेवढी रुंद करता येते, माझ्यासाठी विषय इथेच मिटला. कटकटी त्याच्याही आहेत. भिंत म्हणजे दोन पत्रे आणि मध्ये फोम, जड काही टांगायचं तर आधीच आतून आधार द्यायला सांगा, मी विसरलो आणि आमचं पुस्तकांचं शेल्फ अजून जमिनीवर आहे. पफ, म्हणजे हाच मधला फोम, जळतो, म्हणून शेगडीमागच्या भिंतीला तरी रॉकवूल, म्हणजे न जळणाऱ्या दगडी लोकरीचं पॅनल घ्या. पावसात छत वाजतं ते दोन्हीकडे, सवय होते.

सारखी जागा बदलायची असेल किंवा एकट्यापुरती खोली हवी असेल तर कंटेनर घ्या, चांगला आहे. फक्त जुना असला तर दारावरची पाटी वाचा, तळाच्या प्लायला कसलं कीटकनाशक मारलंय ते बऱ्याचदा तिथे लिहिलेलं असतं.

आणि पैसे भरायच्या आधी एकदा जमिनीवर खडूने 7 फूट 2 इंचाचा पट्टा आखा, त्यात तुमचा पलंग, कपाट ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन दोन दिवस रेघेच्या आत वावरून बघा.