टीईटीची फी कमी करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहा

१ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी जाणार. जिल्हा परिषदेच्या शाळेत सोळा वर्षं शिकवून हे ऐकलं आणि माझे हातपायच गळाले. त्या भीतीचा एकाने फायदा घेतला.

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला: ‘सेवेतील शिक्षकांना सामूहिक अर्जावर सवलत. दोन्ही पेपर १,२०० ऐवजी ६५०.’ ओळखीच्या सरांनीच पुढे पाठवलेला, म्हणून शंका आली नाही. फोनवरचा माणूस शालार्थ, यू-डायस, संचमान्यता असे शाळेच्या कारभारातले शब्द वापरत आपल्याच भाषेत बोलत होता. मी ६५० रुपये पाठवले. आधार, पगारासाठीचा शालार्थ क्रमांक, सहीचा फोटोही दिला. चार दिवसांनी प्रश्नसंचाचे म्हणून त्याने आणखी २,५०० घेतले.

पावती आली. वर राजमुद्रा, खाली अर्ज क्रमांक आणि मधोमध ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं नाव, ‘राज्य परिक्षा परिषद’. मुलांच्या वहीत ‘परिक्षा’ दिसलं की मी लाल पेनाने वेलांटी दुरुस्त करते. त्या दिवशी मात्र ते नजरेतून सुटलं. पैसे एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात गेले होते, तेही पाहिलं नाही.

नोव्हेंबरमध्ये प्रवेशपत्रं निघाली, तर संकेतस्थळावर माझा अर्जच नाही. २३ तारखेची परीक्षा हुकली. केंद्रातले सात जण असेच फसले. त्यातल्या एका बाईंची तीनच वर्षं सेवा उरलीय. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना, पदोन्नती नको असेल तर, ही परीक्षा सक्तीची नाही. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सवलत होती ती अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना: एका पेपरला ७००, दोन्हींना ९००. बाकीच्यांना १,००० आणि १,२००. शुल्क परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर स्वतःच्या लॉगिनमधूनच भरायचं. परीक्षा सक्तीची आहे तर सेवेतल्या शिक्षकाची फी शासनाने भरावी, असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारखे लोक अशा मेसेजला भुलतात ते हे ओझं असतं म्हणूनच.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर बरेच दिवस उलटले होते. पैसे गेले ते गेलेच. आता आधारचं बायोमेट्रिक लॉक केलंय. माझ्या नावावर कुणी कर्ज तर काढलं नाही ना, हे अधूनमधून तपासते.

काल शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीने तोच मेसेज मला खरा का म्हणून विचारायला पाठवला. नंबर बदललाय, पावतीचा नमुना तोच आहे.